दातांचं दुखणं असलेलं भित्रं मांजर शेल्टरमधून आणावं का? (घर कोकणात, कौलारू)

सुरंगी | ११ मे
नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.
गेल्या महिन्यात कोल्हापूरला भाचीकडे गेले होते. ती रविवारी एका शेल्टरमध्ये मदतीला जाते, मीही सोबत गेले. गेले होते पिल्लं बघायला. पण कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात टॉवेलखाली एक मांजर होतं, नुसती पाठ दिसत होती, आणि घरी आल्यापासून ती पाठच डोळ्यांसमोर येते. भाटी आहे, राखी पट्ट्यांची, वय अंदाजे पाच. आधीचे मालक घर बदलताना तिला गच्चीवर सोडून गेले म्हणे. आठ महिने झाले. लोक येतात, उड्या मारणारी पिल्लं घेऊन जातात, ही भिंतीकडे तोंड करून बसलेली असते.
त्यात तोंडाचं दुखणं. लाळ गळते, वास मारतो. ताटलीपाशी येते, एक घास घेते, कळवळून मागे पळते आणि मग लांबून त्या ताटलीकडेच संशयाने बघत बसते. तिथल्या डॉक्टरांनी स्टोमॅटायटिस सांगितलाय. मागचे दात काढायचेच, कदाचित सगळेच.
आमचं घर पूर्णगडच्या बाजूला, खाडीकाठी. नवरा जहाजावर, वर्षातले सहा महिने बाहेर. घरात मी आणि सासूबाई, वय ७८. ओटी, माजघर, वर माळा, मागे परसू आणि त्यापलीकडे काजूची बाग. गेल्या वर्षी शेजारचा कुत्रा बिबट्याने ओटीवरून उचलला. जवळ आहे तो गुरांचा दवाखाना, मांजर दाखवायचं तर रत्नागिरी गाठायची.
तिला इथे आणणं ही माझी हौस की तिचं भलं? ऑपरेशन आधी की आधी घराची सवय? आणि सासूबाईंचं काय करू? त्यांचं पहिलं वाक्य: "दात नसलेलं मांजर उंदीर कसला मारतंय, कवळी लावून?"

फणसगरा | ११ मे
सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांगा. धागा त्यांच्यासाठी वाचणार.

चाकरमानी_दादर | ११ मे
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. गावात प्रत्येक पडवीत चार पिल्लं पडलेली असतात. त्यांतलं एक उचला. आजारी, पाच वर्षांचं, माणसाला घाबरणारं मांजर घाट उतरवून आणायचं, त्यावर पंचवीस-तीस हजार घालवायचे, आणि ते माळ्यावर जाऊन बसणार ते पुन्हा दिसणारही नाही. हे मला तरी पटत नाही.

कोकमआगळ | ११ मे
@चाकरमानी, पडवीतल्या पिल्लांना पडवी तरी आहे. हिला पिंजरा आहे.
सुरंगी, आणा.

जनावरांचा_डॉक्टर | १२ मे
मी निवृत्त पशुधन विकास अधिकारी. सगळी नोकरी गाई-म्हशींत आणि बकऱ्यांत गेली, त्यामुळे मांजराचे दात काढणं हे माझं काम नव्हे. हे आधी सांगतो, कारण गावाकडे "डॉक्टर, तुम्हीच टाका ना काढून" असं म्हणणारे भेटतात. तसं कुणाकडूनही करून घेऊ नका.
मोठ्या मांजराला तीस दात असतात, वर सोळा, खाली चौदा. स्टोमॅटायटिसमध्ये दातांवर जो जंतूंचा थर बसतो, त्याच्याविरुद्ध शरीर इतकं चवताळून उठतं की हिरड्या आणि घशाजवळचा भाग लालबुंद होऊन सोलवटतो. दात घासून किंवा नुसते साफ करून तो थर थोडे दिवस जातो, परत येतो. म्हणून थर बसायला जागाच ठेवायची नाही, दात काढायचे. बहुतेक मांजरांना यातून चांगला आराम पडतो, पण सगळी पूर्ण बरी होत नाहीत. काहींना पुढे औषध चालू ठेवावं लागतं. हे मनाशी धरून चला.
हे काम पूर्ण भूल देऊन, श्वासनलिकेत नळी घालून, दातांचे एक्स-रे काढून करतात. मुळाचा तुकडा आत राहिला तर दुखणं राहतंच. आधी रक्त तपासा, मूत्रपिंडं बघा, एफआयव्ही आणि एफईएलव्ही या मांजरांतल्या दोन विषाणूंच्या चाचण्या करून घ्या. कोल्हापुरात दातांचा एक्स-रे असलेला दवाखाना मिळाला तर उत्तम. नाही तर शिरवळला किंवा परळला पशुवैद्यक महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा.
तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: ऑपरेशन आधी. घाट एकदाच उतरायचा, तोही दुखणं मागे टाकून.

निवडुंग | १२ मे
डॉक्टरांशी सहमत, आणि माझ्या चुकीतून एक भर घालते. माझ्या बोक्याला हेच होतं. आमच्याकडचे डॉक्टर दर महिन्या-दीड महिन्याने एक सुई मारायचे. सुई मारली की दुसऱ्या दिवशी जेवायचा, मी खूश. ते स्टेरॉइड होतं हे मला वर्षाने कळलं. आग विझायची, पण निखारे तसेच. शेवटी त्याला मधुमेह झाला. आधी दात काढले असते तर काय झालं असतं, हा विचार अजून डोक्यातून जात नाही. "आधी सुईने बघूया" असं कुणी म्हणालं तर किती दिवस बघायचं ते त्याच वेळी विचारून घ्या.

खटलो_मालवणी | १२ मे
अगो, माजराक एवढो खर्च? आमच्याकडे माजरा येतत, खातत, जातत. पण तुझा वाचून माका म्हातारेची पांढरी आठवली. तिचे पण दात पडलले. म्हातारी तारले उकडून, काटे काढून, भातात कालवून घाली. धा-बारा वर्सा जगली ती. दात नाय म्हणान कोण मरना नाय.

आज्जीची_पेटी | १२ मे
बिनदाताचं मांजर काय खाणार ही काळजी मलाही होती. प्रत्यक्षात मांजर आपल्यासारखं चावतच नाही, ते तुकडा तोडतं आणि गिळतं. माझी एक भाटी सगळे दात गेल्यावर कोरडे दाणेसुद्धा टुणटुणीत खाते. जखमा भरेपर्यंत मात्र मऊच.

गाबित | १३ मे
खाण्याचा विषय निघालाय तर आमच्या धंद्यातलं सांगतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, ताजा मासा मिळणार नाही आणि मिळाला तर परवडणार नाही. तुम्ही जूनमध्ये मांजर आणलंत तर पहिले दोन महिने सुकटीवर काढाल, आणि सुकट म्हणजे मीठ. पाकिटातलं ओलं खाणं भरून ठेवा.

फणसगरा | १३ मे
तोंडाला सुकटीसारखा वास येतो म्हणून कोकणात कुणी मांजर नाकारलं, तर आमच्या अर्ध्या गावाला घराबाहेर काढावं लागेल.

जनावरांचा_डॉक्टर | १३ मे
गाबित यांचं बरोबर आहे. आणखी एक, मासा उकडूनच द्या. काही माशांत बी१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो, तो शिजवल्यावर निष्प्रभ होतो. मीठ, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसणाने मांजराचं रक्त बिघडतं. नुसत्या मासे-भातावर कायमचं ठेवू नका, त्यात मांजराला लागणारं सगळं नसतं. खटलो, तुमच्या पांढरीने बाहेर उंदीर-सरडेही हाणले असणार.
आणि सगळ्यांसाठी: दात दुखतोय म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. अर्धीसुद्धा जीव घेते. त्यांच्या यकृताला ती पचवता येत नाही.

खटलो_मालवणी | १३ मे
बिनदातान उंदीर? डॉक्टरानू, पांढरी पायान धरी आणि म्हातारेच्या पुढ्यात नेऊन ठेवी. फुडचा काम म्हातारेचा.

सुरंगी | १४ मे
किती छान माहिती देताय सगळे. @चाकरमानी, राग नाही. माळ्यावर जाऊन बसेल याचीच भीती आहे. आमच्या भिंती आणि छपराच्या मध्ये हातभर फट आहे, वाऱ्यासाठी ठेवलेली. तिथून मांजर काय, वानरही येतं.

दर्यावर्दी | १४ मे
जेटीवर जुनी जाळी पडलेली असतात. दोन ताणून फट आणि खिडक्या बांधून टाका, फुकटात काम.

कोकमआगळ | १४ मे
नको नको. बारीक नायलॉनच्या जाळ्यात नखं अडकतात. माझ्या मावशीकडे मांजराने रात्रभर ओढाताण करून पाय सुजवून घेतला होता. कोंबड्यांच्या खुराड्याची लोखंडी जाळी आणा, खिळे मारा. खाऱ्या वाऱ्यात गंजेल, दोन-तीन वर्षांनी बदला.

दर्यावर्दी | १४ मे
हे मान्य. माशाचं जाळं माशालाच बरं.

पन्हाळीखाली | १५ मे
भित्र्या मांजराबद्दल लिहिते, दोन सांभाळलीत. पूर्ण घर दाखवायची घाई करू नका. एकच खोली द्या, शक्यतो माळ्याला रस्ता नसलेली. तिला लपायला खोका द्या, आडवा ठेवून वर चादर टाका. लपू द्यायचं नाही म्हणून लोक कपाटाखालच्या सगळ्या जागा बंद करतात, तिथेच चुकतात. लपायला जागा असली की मांजर लवकर बाहेर येतं.
तुम्ही खोलीत जायचं, जमिनीवर बसायचं, पुस्तक वाचायचं, शेंगा सोलायच्या, काहीही. तिच्याकडे बघायचं नाही. नजर भिडलीच तर डोळे सावकाश मिटून उघडायचे. २०२० मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर प्रयोग केले होते, माणसाने असे डोळे मिटले की मांजरंही तसंच करतात आणि जवळ यायला जास्त तयार असतात.
आणि नवं मांजर रुळायला "तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने" असं म्हणतात ते फक्त ढोबळ मानाने. माझ्या दुसरीला मांडीवर यायला चौदा महिने लागले. पहिली कधीच आली नाही.

फणसगरा | १५ मे
मी बाजारात एखादीकडे बघून सावकाश डोळे मिटले असते तर बायकोने माझे दात काढले असते, तेही भुलीशिवाय.

चाकरमानी_दादर | १५ मे
@पन्हाळीखाली, कधीच जवळ न आलेलं मांजर सांभाळून तुम्हाला काय मिळालं? खोचक नाही, खरंच विचारतोय.

पन्हाळीखाली | १५ मे
रोज रात्री सगळे झोपल्यावर ती स्वयंपाकघराच्या ओट्यावरून चालत जायची. मी जागी असले की तिच्या पायांचा आवाज ऐकायचे. एवढंच. नऊ वर्षं.

रानवाट | १६ मे
जरा विषयांतर. घराबाहेर सोडायचं की नाही यावर कुणी बोललंच नाही. आमच्या देवगडच्या बागेत फुरसं दर पावसाळ्यात निघतं, घोणसही असते. दात नसलेलं मांजर साप बघून पळेल, पण कुत्रा आडवा आला तर सुटकेचं एक साधन कमी, नखं तेवढी उरली. बिबट्याचं तुम्ही लिहिलंच आहे. माझं मत, हे मांजर आतलंच.

गाबित | १६ मे
मांजर घरात कोंडायचं म्हणजे कोकण कसलं. आमची सगळी मोकळी.

रानवाट | १६ मे
आणि किती वर्षं जगतात तुमची?

गाबित | १६ मे
...तीन-चार. बरं, मुद्दा कळला.

खटलो_मालवणी | १७ मे
आता आमी सगळ्यांनी मिळान गाराणा घालूया. बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा! ह्या लेकरान घाटावरचा एक माजर घराक हाडूचो इचार केलेलो आसा. तेचे दात सुखान निघांदेत, आंबा घाटात तेका वकारी येव नये, बिबट्याची वाट दुसऱ्या गावाक वळव, आणि सासूबायच्या मनात माया उत्पन्न कर रे म्हाराजा!

कोकमआगळ | १७ मे
होय म्हाराजा!

फणसगरा | १७ मे
होय म्हाराजा! नाव तरी ठरवा. बोळकं होणारच आहे, तर "बोळकी" ठेवा.

सुरंगी | २९ मे
ठरलं. शेल्टरशी बोलले, खर्च निम्मा ते करणार, निम्मा मी. चाचण्या झाल्या, एफआयव्ही-एफईएलव्ही दोन्ही निगेटिव्ह, मूत्रपिंडं बरी. एक्स-रेमध्ये दोन दात मुळापासून विरघळत चाललेले दिसले, बाहेरून कळतही नव्हते. पुढचे सुळेसुद्धा वाचवण्यासारखे नाहीत म्हणाले. सगळेच काढले काल. पाच दिवस तिथेच ठेवणार, मग आणायची.
सासूबाईंना अजून "बघू" याच्या पुढे नेता आलेलं नाही.

निवडुंग | २९ मे
वेदनाशामक किती दिवस देणार ते नक्की विचारा. आणि घरी आल्यावर दिवसभर काहीच खाल्लं नाही तर "प्रवासाने थकली असेल" म्हणून दोन-तीन दिवस वाट बघत बसू नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते, मग वेगळंच संकट.

जनावरांचा_डॉक्टर | ३० मे
घाटासाठी त्यांच्याकडूनच भीती कमी करणारी गोळी लिहून घ्या, निघण्याआधी द्यायची असते. मनाने काही नको. पेटीवर पातळ कापड टाका, गाडीत गाणी नकोत.

सुरंगी | ६ जून
आली. घाटात दोनदा ओकली, गाराण्यातली तेवढी एक मागणी फेल. पावसाची पहिली सर आणि आम्ही एकाच वेळी घरात शिरलो. धान्याची खोली रिकामी केलीय, वर फळ्यांचं छत आहे. ती खोक्यात, मी खोक्याबाहेर शेंगा सोलत. मऊ खाणं कोमट करून ठेवलं, रात्री अर्ध संपलेलं होतं. मुंग्यांनी मात्र हैराण केलंय.

आज्जीची_पेटी | ६ जून
वाटी पाण्याच्या परातीत ठेव. शौचाला काय ठेवलंयस?

सुरंगी | ६ जून
वाळू ठेवली होती, दमट हवेत तिचा चिखल झाला. वखारीतून लाकडाचा भुसा आणलाय.

आज्जीची_पेटी | ७ जून
भुसा चाळून घे, धूळ नाकात जाते. आमच्याकडे भाताचं तूसही चालतं.

चाकरमानी_दादर | २ जुलै
काय खबर? विचारतोय आपला.

सुरंगी | ३ जुलै
लाळ बंद, वास गेला. अंग चाटायला लागली, त्यामुळे रंग उजळलाय, पट्टे दिसायला लागले. आधी दुखत असल्यामुळे चाटतच नसणार. पण भीती? तशीच. मला वाटलं होतं दुखणं गेलं की भीतीही जाईल. डॉक्टरांनी भूल उतरवली तशी कुणी भीती उतरवून देत नाही. मी आत गेले की खोक्याच्या तळाशी.
एक गंमत मात्र झाली. परवा वीज गेली होती, सासूबाई कंदील घेऊन धान्याच्या खोलीत तांदूळ बघायला गेल्या. त्यांची कवळी रात्री वाटीत असते, त्यामुळे बोलणं सगळं फुसफुस. तांदळाशी बोलत होत्या की मांजराशी, देव जाणे. ही खोक्यातून डोकं काढून ऐकत होती. मी दारात दिसले तशी आत.

फणसगरा | ३ जुलै
बिनदातांची भाषा वेगळी असते, तुम्हाला नाही कळायची.

सुरंगी | ८ सप्टेंबर
गणपतीत लिहायला झालं नाही. घरी अठरा माणसं, रोज रात्री आरत्या, झांजा, वर फटाके. पन्हाळीखालींनी सांगितल्यासारखी खोली बंद ठेवली होती, पण पुतण्याने तांदूळ काढताना दार उघडं टाकलं. बोळकी गायब. (हो, नाव तेच राहिलं.) फटीला जाळी होती म्हणून घराबाहेर गेली नाही एवढी खात्री, पण माळ्यावर शंभर वर्षांचं सामान. दोन रात्री खाल्लं नाही. मला निवडुंगचं यकृत आठवत होतं.
तिसऱ्या रात्री सासूबाई जिन्याखाली वाटीत उकडलेला बांगडा कुस्करून बसल्या. मला म्हणाल्या, "तू जा, तुझे दात बघून घाबरते ती." पहाटे उठून पाहिलं तर वाटी चाटूनपुसून साफ, आणि बोळकी त्यांच्या खाटेखाली.
तेव्हापासून धान्याची खोली सोडली, खाटेखालीच मुक्काम. सासूबाई हात लावत नाहीत, ती अंगावर येत नाही. दोघी एकमेकींना चालतात. मला अजून एकदाही हात लावू दिलेला नाही. घशाजवळ थोडी लाली आहे, औषध चालूच राहणार असं दिसतंय.

कोकमआगळ | ८ सप्टेंबर
म्हणजे तू आणलीस सासूबाईंसाठी.

चाकरमानी_दादर | ९ सप्टेंबर
आकडा विचारू का? आणि तुमचा पहिला प्रश्न, हौस की तिचं भलं, त्याचं उत्तर मिळालं का?

सुरंगी | ९ सप्टेंबर
ऑपरेशन, चाचण्या, गाडी, जाळी धरून माझे एकवीस हजार गेले, पुढे महिन्याचं औषध वेगळं. उत्तराचं म्हणाल तर हौस होतीच, ती फिटली नाही. मांडीवर मांजर पाहिजे होतं मला. पण काल जेवताना ती एकदाही मागे पळाली नाही. मी लांबून बघत होते.

चाकरमानी_दादर | १० सप्टेंबर
आमच्या इमारतीखाली एक काळी आहे, तीही लाळ गाळते. पॅरासिटामॉल चालत नाही हे इथेच कळलं, नाही तर दिली असती. परळला मांजर न्यायचं तर पेटी कुठे मिळते?

निवडुंग | १० सप्टेंबर
माझी पडून आहे, दादरलाच येऊन देते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आज्जीची_पेटी | १० सप्टेंबर
सुरंगी, खाटेखाली भुसा ठेवलायस का गं? सासूबाईंना शिंका येतील.

सुरंगी | १० सप्टेंबर
तूस ठेवलंय. भुशाने शिंका आल्याच होत्या, दोघींनाही.